ऐवजीचा रकाना

तोंडावर त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पण बाई पाण्याची बाटली भरायला उठल्या रे उठल्या, की मागच्या टेबलांवर सुरू व्हायचं. "पाटीबाईंनी माझं काम पुन्हा अडवलं." "पाटीबाईंचा आज पारा चढलाय, तिकडे फिरकू नका." आणि बाईंना यातलं काही कळत नव्हतं, अशा भ्रमात कुणी राहू नये. बाईंचे कान मांजरीचे होते. उलट हे नाव त्यांना मनातून भारी आवडायचं. फक्त तसं दाखवलं तर कार्टी ते घ्यायचंच सोडतील, म्हणून ते कानावर पडलं की त्या कपाळावर एक आठी आणून ठेवायच्या.

कार्टी म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी. त्यांतला सर्वांत लहान चौतिशीचा होता आणि दोघांचे केस पिकलेले होते, पण बाईंच्या लेखी सगळी कार्टीच.

बाईंचं काम नेमकं काय, हे त्यांच्या सख्ख्या सासूला अठरा वर्षांत उमगलं नव्हतं. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. काय काय गेलं ते लिहिते." त्यामुळे शेजारणींचा समज असा, की बाई हरवलेल्या सामानाच्या खात्यात आहेत. एकीने तर आपली हरवलेली छत्री शोधायलाही सांगितली होती. गंमत म्हणजे सासूबाई सांगायच्या त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

त्याचं असं आहे. बाईंची कंपनी एक असा प्रोग्रॅम बनवायची, जो एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवतो. खराखुरा नव्हे, नुसता भास. घरात भाडेकरू ठेवावा तसं. पण हा भाडेकरू असा भाबडा, की अख्खं घर आपल्याच मालकीचं आहे अशी त्याची ठाम समजूत. ही डिस्क माझी, हा पडदा माझा, हा आवाज माझा. आणि खरा मालक बिचारा मागे उभा राहून एकेक वस्तू त्याच्या हातात देत असतो. नव्या कॉम्प्युटरवर चालायला नाक मुरडणारे जुने प्रोग्रॅम या भाडेकरूच्या घरात मात्र सुखाने नांदतात.

आता या भाडेकरूला सकाळी उठवायचं, तर एक लांबलचक ओळ टाइप करावी लागते. याला इतकी मेमरी द्या, अमकी डिस्क द्या, माउस जुना द्या, आवाज तमका द्या. यातली प्रत्येक मागणी म्हणजे एक 'पर्याय'. वीस वर्षांत या कंपनीत जो जो प्रोग्रॅमर आला, तो जाताना दोन-चार पर्याय मागे ठेवून गेला, पाहुण्यांनी रुमाल विसरावेत तसे. होता होता पर्याय झाले चारशेच्या वर, आणि त्यांतले निम्मे कशासाठी आहेत हे सांगू शकणारा माणूसच ऑफिसात उरला नाही. मग साफसफाई निघाली.

साफसफाई म्हटली की प्रोग्रॅमरच्या हाताला खाज सुटते. जुनं दिसलं की काप. एकाला तर कापण्याचा इतका सोस, की त्याचं नावच कात्री पडलं होतं. हजार ओळी लिहिल्या त्या दिवशी तो चहा पिऊन घरी जायचा. हजार ओळी कापल्या की सगळ्या मजल्याला चहा पाजायचा. आणि नेमक्या तिथेच बाई आडव्या यायच्या.

कंपनीच्या वेबसाइटवर बाईंचं एक पान होतं. त्यावर दोन याद्या. पहिली 'जाणार', दुसरी 'गेलेले'. कुठलाही पर्याय काढायचा झाला, तर आधी त्याचं नाव 'जाणार'मध्ये लागायचं. तिथे ते दोन आवृत्त्या राहायचं. वर्षाला तीन आवृत्त्या निघत, म्हणजे आठेक महिने. तेवढ्यात तो पर्याय जो कुणी वापरेल त्याला पडद्यावर दर वेळी इशारा, की बाबा रे, हा जातोय, आपली सोय बघ. मुदत संपली की मगच कात्री, आणि मग नाव 'गेलेले'मध्ये. तिथून ते कधीच पुसलं जायचं नाही.

प्रत्येक नावापुढे तीन रकाने. कधीपासून, का, आणि ऐवजी काय. पहिले दोन कुणीही भरेल. तिसऱ्यापाशी भल्याभल्यांची गाडी रुतायची. "ऐवजी काय वापरायचं ते सांगा आणि खुशाल कापा," म्हणून बाई हाताची घडी घालून बसायच्या. तिसरा रकाना रिकामा असलेली नोंद पानावर चढत नसे, आणि पानावर न चढलेली कुठलीच गोष्ट काढता येत नसे. जुन्या माउसचा एक पर्याय केवळ या रकान्याच्या कृपेने तीन वर्षं जास्त जगला. 'ऐवजी काही नाही' असं लिहायची सवलत एकाच बाबतीत: ती गोष्ट मुळात कधी चाललीच नसेल तर. असेही नग निघाले होते हं! एक पर्याय नऊ वर्षं नुसता पडून होता. तो चालू केला काय, बंद केला काय, आत काहीच हलत नव्हतं. तो लिहिणारा प्रोग्रॅमर दरम्यान बढती घेऊन दुसरीकडे गेलासुद्धा.

हे नियम केले कुणी? बाईंनीच. का केले, त्यामागे एक बसस्टॉप आहे.

तेव्हा बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना शाळेत शिकवायचं होतं. मुलाखत अकराची. बाई सव्वानऊलाच स्टॉपवर हजर. कपड्यांची इस्त्री मोडू नये म्हणून बाकावर बसल्यासुद्धा नाहीत. सात नंबरची बस येईना. दहा वाजले. साडेदहा झाले. स्टॉपवर दुसरा एकच जण, काखेत चष्म्याच्या काचांचा खोका धरलेला एक तरुण, तोही ताटकळलेला. अकरा वाजून गेल्यावर रस्ता झाडणाऱ्या माणसाने जाता जाता विचारलं, "कुठली बघताय? सात? ती पहिल्या तारखेपासून बंद झाली की!" खांबावर कागद नाही, पाटी नाही. उलट सातचा आकडा नुकताच नव्याने रंगवलेला, ताजा, चमकणारा.

मुलाखत हुकली, शाळा हुकली. चष्म्याचा खोकावाला मात्र पदरात पडला. आता त्याचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि ही गोष्ट चारचौघांत निघाली की तो मोठा सुस्कारा सोडून म्हणतो, "एक पाटी असती, तर वाचलो असतो."

"कोण? तुम्ही की मी?" बाई विचारतात.

"दोघंही. पण मी जरा जास्त."

घरातही बाईंचा हाच कारभार. त्यांच्या घरातून कुठलीही वस्तू एकदम बाहेर पडत नसे. आधी तिच्यावर पिवळी चिठ्ठी लागायची: 'जाणार', आणि खाली त्याच तीन ओळी. कान तुटलेल्या कपावर लागली, गळक्या बादलीवर लागली. नवऱ्याच्या लाडक्या खुर्चीवरही लागली होती. त्या खुर्चीचा एक पाय आखूड. बसणारा माणूस आपोआप खिडकीकडे कलायचा. तिच्यावरच्या चिठ्ठीला दोन वर्षं झाली, कारण ऐवजीची ओळ नवऱ्याने भरायची होती, आणि तो काही पेन उघडत नव्हता. सासूबाई आठवड्यातून एकदा विचारायच्या, "माझ्यावर कधी लावतेस ग चिठ्ठी?"

"लावली असती कधीच. पण तुमच्या ऐवजी काय लिहू?" बाई म्हणायच्या, आणि सासूबाई पुढचे दोन दिवस एकदाही कुरकुरायच्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वर नवे साहेब आले. साहेब बाईंहून दहा वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, आणि खुर्ची या वस्तूचा त्यांना तिटकारा. मीटिंगा उभ्याने घ्यायचे. लवकर संपतात म्हणे. संपत काही नसत, फक्त सगळ्यांचे पाय दुखत. तर साहेबांच्या मनात आलं, हे पान हाताने ठेवायचं कशाला? प्रोग्रॅममधून काय गेलं ते प्रोग्रॅमकडे बघूनच कळतं. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम करवून घेतला. तो कोडमध्ये नाक खुपसून काय आहे, काय गेलं याची यादी आपोआप काढायचा, ती बाईंच्या पानाशी ताडून पाहायचा आणि जुळलं की हिरवा दिवा लावायचा. मग पान काढून टाकायचं आणि बाईंना पाठवायचं जाहिरातीच्या पत्रकांकडे.

"तिकडे तुमच्या भाषेला वाव आहे, बाई," साहेब म्हणाले.

बाईंनी जन्मात कधी 'आमच्यासारखे आम्हीच' छापाचं वाक्य लिहिलं नव्हतं. त्यांचं सगळ्यांत रंगेल वाक्य होतं: 'हा पर्याय पुढील आवृत्तीत काढला जाईल.'

"आणि खरं सांगा," साहेबांनी पुढे विचारलं, "वाचतं कोण ते पान?"

बाईंनी मनातल्या मनात पत्रं मोजली. पानाच्या तळाशी त्यांचा ईमेलचा पत्ता होता. अकरा वर्षांत त्यावर एकच पत्र आलं होतं, तेही खिडक्यांचे पडदे विकणाऱ्याचं.

निर्णय गुरुवारच्या मीटिंगमध्ये होणार होता. नोकरी जाणार नव्हती, पण पान जाणार होतं, आणि अकरा वर्षांत बाई आणि पान यांत फरक असा फारसा राहिला नव्हता. आणि सोमवारी सकाळी पानाच्या पत्त्यावर दुसरं पत्र आलं.

"माननीय, मी गणवेशावरचे बिल्ले भरतो. आग विझवणारे, पहारेकरी, ड्रायव्हर, सगळ्यांच्या खांद्यावर माझं भरतकाम आहे. माझं मशीन माझ्या लग्नाहून जुनं आहे आणि जास्त ऐकतं. (हे मी टाइप करतेय, त्यांची बायको. ते सांगतात, मी लिहिते. मशीनला माहेर नाही, म्हणून ऐकतं.) मशीन चालवणारा प्रोग्रॅम फार जुना. त्याचा कॉम्प्युटर मेला तेव्हा भाच्याने तुमचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. त्यात जुन्या कॉम्प्युटरचा तो भोंगाही वाजतो. एकदा वाजला, की दोरा बदला. दोनदा, बिल्ला झाला. तीनदा, सुई मोडली. सहा वर्षं झाली, मला पडद्यावरचं दिसत नाही. रिळं क्रमाने मांडलेली असतात, हात सवयीचा आहे, बाकी सगळं मी कानाने करतो.

"तुमचं पान मी दर महिन्याला बायकोकडून वाचून घेतो. (सगळं. माउसचंसुद्धा.) भोंगा जाणार आहे हे मला माहीत होतं. पण त्यापुढे लिहिलं होतं, दोन आवृत्त्या मिळतील, तोवर नव्या आवाजाच्या पर्यायात भोंग्याची सोय होईल. म्हणून निश्चिंत होतो. गेल्या आठवड्यात तुमची नवी आवृत्ती आपोआप बसली. त्यात भोंगा नाही. नवा आवाज लावून पाहिला, तो भोंग्याच्या बाबतीत अजून मुका आहे. जुनी आवृत्ती परत बसवली, तर ती म्हणते, या डिस्कला नवीने हात लावलाय, मी शिवणार नाही. मशीन बंद आहे. तक्रार नाही. एवढंच विचारायचं होतं, की मी ऐकण्यात चुकलो का? (ते चुकले नाहीत. वाचलं मी होतं, आणि मला चष्म्याशिवाय वाचता येतं.)"

बाईंनी पत्र एकदा वाचलं आणि त्यांना इतका आनंद झाला, की काय सांगावं! वाचक! सहा वर्षं! माउसचंसुद्धा! मग त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांचं बोट 'दोन आवृत्त्या'पाशी थांबलं.

भोंग्याचा पर्याय त्यांनी चांगला ओळखला. तो मागे एकदा 'जाणार'मध्ये लागला होता. मग नवा आवाज वेळेत तयार होईना म्हणून यादीतून काढला, आणि गेल्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा लावला. अशा दोनदा लागलेल्या नावाची मुदत दुसऱ्या वेळेपासून नव्याने मोजायची, हा नियम. नियमही बाईंचाच. आणि बाईंनी, तीन आठवड्यांमागे, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर जाण्याच्या गडबडीत, पुढची कामं आधीच उरकून ठेवताना, भोंग्याची मुदत पहिल्या वेळेपासून मोजली होती. सहा पर्याय 'जाणार'मधून 'गेलेले'मध्ये हलवले. पाच बरोबर, सहावा भोंगा. एक आवृत्ती आधीच.

बरं, पान चुकलं म्हणून प्रोग्रॅममधला भोंगा कसा गेला? बाई उठून कात्रीच्या टेबलाशी गेल्या.

"भोंगा तू कापलास?"

कात्री एकदम ओशाळला. "बाई, ते जरा उशिरा झालं, कबूल आहे. पानावर 'गेलेले'त नाव बघितलं आणि डोक्यालाच हात लावला. म्हटलं, पाटी... म्हणजे बाईंनी लिहून टाकलंय आणि मी कापायचंच विसरलो! दहा मिनिटांत चारशे बारा ओळी उडवल्या. कुणाला सांगितलं नाही. चहासुद्धा नाही पाजला."

तपासणी करणारी होती, तिने पान पाहिलं: भोंगा गेलेला. प्रोग्रॅम पाहिला: भोंगा गेलेला. जुळतंय, केली खूण. साहेबांच्या छोट्या प्रोग्रॅमने तर या आवृत्तीला पैकीच्या पैकी गुण दिले होते. सगळे दिवे हिरवे. चूक इतक्या बिनबोभाट पार पडली होती, की ती एका भरतकामवाल्याच्या घराखेरीज जगात कुठेच दिसत नव्हती.

म्हणजे बाई गप्प बसल्या असत्या, तर काही म्हणजे काही झालं नसतं. निदान गुरुवारपर्यंत. पण भोंगा परत आणायचा, तर मधली दुरुस्ती-आवृत्ती काढायला हवी, आणि तिला साहेबांची सही लागणार. सही मागायची तर कारण सांगायचं. आणि कारण सांगायचं, म्हणजे पान काढायला निघालेल्या माणसाला आपल्याच हाताने 'बघा, पान चुकतं' असं लिहून द्यायचं.

संध्याकाळी घरी बाईंनी हे सांगितलं, तेव्हा नवरा खिडकीकडे कललेला होता.

"शुक्रवारी सांग," तो म्हणाला. "गुरुवारी पान वाचू दे, शुक्रवारी भोंगा वाचव. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"तो माणूस स्टॉपवर उभा आहे हो."

"कुठल्या?"

"सात नंबरच्या. आणि या वेळी आकडा मी रंगवलाय."

नवऱ्याने सरळ बसायचा प्रयत्न केला; खुर्चीने बसू दिलं नाही. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या सासूबाई, ज्यांचं लक्ष नाही असं सगळे धरून चालत, पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या एका डोळ्यापायी त्याचे दोन्ही कान गेले म्हण की."

"तुमचा काय दोष? मोजलं मी."

"मग रडतेस काय? पत्र लिही त्याला आधी."

बाईंनी लिहिलं. 'तुम्ही ऐकण्यात चुकला नाहीत. मी मोजण्यात चुकले. भोंगा परत आणायच्या खटपटीला लागले आहे. होईल तेव्हा आणि नाही झालं तरी, कळवेन.' अकरा वर्षांत त्यांच्या हातून लिहून झालेलं हे पहिलंच पत्र, आणि त्यात तिन्ही रकाने आले होते, हे पाठवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मंगळवारी आणि बुधवारी साहेब बाहेरगावी. म्हणजे नशिबाने गुरुवारचीच मीटिंग पदरात टाकली.

गुरुवारी सगळे उभे. साहेबांनी भिंतीवर हिरवे दिवे दाखवले. "पाहा. या आवृत्तीत पान आणि प्रोग्रॅम यांत एकही फरक नाही. बाईंचं काम निर्दोष आहे, हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगतो. आणि तेच काम हा प्रोग्रॅम चार सेकंदांत करतो."

काय संधी होती पाहा! निर्दोषपणाचं प्रशस्तिपत्र हातात, तेही साहेबांच्या तोंडून. दुसऱ्या कुणी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं असतं.

"निर्दोष नाही, साहेब," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. रजा, मोजणी, भोंगा, कापलेल्या ओळी, भरतकामवाला. काही गाळलं नाही. सासूबाईंच्या पट्टीचा रंगसुद्धा.

साहेबांनी हिरव्या दिव्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हणजे... पान चुकलं, आणि मग प्रोग्रॅम पानाबरहुकूम चुकीचा केला गेला?"

"पानाचं ऐकतात इथे," कात्री हळूच म्हणाला. "सवय झालीय."

"आणि माझ्या दिव्यांनी?"

"दोन्हीकडे सारखीच चूक. दिवे काय करतील बिचारे!" तपासणीवाली म्हणाली.

साहेब, खरं ते सांगायला हवं, चुकीचं काही बोलले नाहीत. "दुरुस्ती-आवृत्ती काढा. आजच सही करतो. त्या माणसाचं मशीन चालू झालं पाहिजे. पण बाई, मोजणीत यंत्र चुकलं नसतं, हे तुम्हालाही मान्य असेल."

"मान्य आहे."

"मग पान जाऊ दे."

कात्रीने, ज्याला आयुष्यात कधी काही काढून टाकल्याचं दुःख झालं नव्हतं, तोंड दुसरीकडे वळवलं. बाईंनी मान हलवली, लॅपटॉप उघडला आणि चष्मा नाकावर चढवला.

"ठीक आहे. रीतसर घालवू," त्या म्हणाल्या, आणि टाइप करता करता मोठ्याने वाचू लागल्या. "जाणार. नाव: हे पान. कधीपासून: पुढची आवृत्ती, म्हणजे दोन आवृत्त्यांनी निघेल. का: हाताने ठेवलेल्या पानात मोजणीची चूक झाली, चूक पान ठेवणारीची. ऐवजी..." इथे त्यांनी लॅपटॉप साहेबांकडे वळवला. "हा काढणाऱ्याने भरायचा असतो."

साहेबांनी उभ्या उभ्या झटक्यात टाइप केलं: 'आपोआप निघणारी यादी.'

"काय गेलं ते ही यादी सांगेल?" बाईंनी विचारलं. चेहरा अगदी साधा. नोंद करताना असतो तसा.

"अर्थात."

"कधी गेलं?"

"सेकंदापर्यंत."

"ऐवजी काय वापरायचं?"

साहेबांनी कात्रीकडे पाहिलं. कात्रीने छताकडे पाहिलं. "ते कोडमध्ये नसतं, साहेब. ते बाई आम्हाला छळून काढून घेतात."

"मग ही यादी पानाच्या ऐवजी नाही चालणार," बाई म्हणाल्या आणि टाइप केलेलं पुसलं. मुद्दाम नाही हं. चुकीची नोंद पुसायचा त्यांचा हात सवयीचा.

"तर मग लिहा, ऐवजी काही नाही!" साहेब थोडे वैतागले.

"ते फक्त मुळात कधी न चाललेल्या गोष्टीला," तपासणीवाली म्हणाली. तिने हे बाईंकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की तिच्या तोंडून ते बाईंच्याच आवाजात निघालं. दोघा-तिघांनी खोकल्याचा बहाणा केला.

"चालत होतं, याला पुरावा?" साहेब म्हणाले. "वाचतं कोण ते—" आणि मध्येच थांबले, कारण बाईंनी छापून आणलेलं ते पत्र त्यांच्यापुढे धरलं होतं.

साहेबांनी ते वाचलं. लग्नाहून जुन्या मशीनपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. माहेरापाशी ओठ हलले. 'माउसचंसुद्धा' आलं आणि साहेब, ज्यांना या ऑफिसात कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं, खुर्ची ओढून खाली बसले. पत्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"एकच वाचक आहे," ते शेवटी म्हणाले.

"दोन," बाई म्हणाल्या. "कंसातली धरा."

साहेबांनी लॅपटॉप बाईंकडे सरकवला. "तो रकाना आत्ता रिकामा ठेवा. विचार करून सांगतो."

रिकाम्या रकान्याची नोंद पानावर चढत नाही, आणि पानावर न चढलेली गोष्ट काढता येत नाही, हे त्या खोलीत कुणालाच कुणाला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी मात्र कात्रीने सगळ्या मजल्याला चहा पाजला. एक ओळ न कापता! त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं.

आठवड्याभरात दुरुस्ती-आवृत्ती निघाली. बाईंना पानावर तिसरी यादी करावी लागली, 'परत आलेले' नावाची. तिच्यात आजवर एकच नोंद आहे, भोंग्याची, आणि 'का'च्या रकान्यात बाईंनी स्वतःला अजिबात सूट दिलेली नाही. भोंग्याचा पुढचा मुक्काम 'जाणार'मध्येच आहे, पण आता मुदत कात्री, तपासणीवाली आणि साहेबांचे हिरवे दिवे असे तिघे स्वतंत्र मोजतात, आणि बाई चौथ्या.

भरतकामवाल्याचं दुसरं पत्र आलं. "मशीन चालू झालं. आभारी आहे. परत आलेल्या भोंग्याचा तिसरा आवाज पूर्वीपेक्षा किंचित बसका वाटतो, पण चालेल, सुई मोडल्यावर तसाच हवा. (मशीन बंद होतं ते दिवस घरात जी शांतता होती, ती गेली. तिची नोंद तुमच्या कुठल्या यादीत होईल?)"

बाईंनी नवऱ्याला पत्र वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. हसताना आणखी थोडा कलला.

"आणि साहेबांनी रकाना भरला का?"

"एक दिवसाआड येतात, रकाना उघडून बघतात, आणि बंद करून जातात. आता तर बसूनच बघतात." बाईंनी खुर्चीवरच्या, कडा वळलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "त्यांचं सोडा. तुमचं काय? दोन वर्षं झाली. आज पेन उघडा बघू."

नवऱ्याने निमूटपणे पेन उघडलं, चिठ्ठी मांडीवर ठेवली, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि ऐवजीच्या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: विचार करून सांगतो.